थेट प्रक्षेपणासाठी काय निवडावे: आरटीएमपी, एसआरटी, वेबआरटीसी की एचएलएस?

थेट प्रक्षेपणाची यंत्रणा पहिल्यांदा उभी करणाऱ्या अभियंत्याचा प्रश्न बहुधा असा असतो: आरटीएमपी जुने झाले म्हणतात, मग एसआरटी घ्यावे की वेबआरटीसी? ही सगळी नेटवर्कवरून व्हिडिओ पाठवण्याच्या ठरावीक पद्धतींची, म्हणजे प्रोटोकॉलची नावे. प्रश्न रास्त आहे, पण त्याआधी एक गोष्ट सुटी करून घ्यायला हवी. कॅमेऱ्यापासून प्रेक्षकाच्या फोनपर्यंत चित्र दोन टप्प्यांत पोहोचते. पहिला टप्पा कार्यक्रमाच्या जागेपासून तुमच्या सर्व्हरपर्यंतचा. तिथे पाठवणारा एक, घेणारा एक, आणि मधली वाट बहुतेक वेळा मोबाइल नेटवर्कच्या अपलोडची. दुसरा टप्पा सर्व्हरपासून प्रेक्षकांपर्यंतचा. तिथे पाठवणारा एक, पण घेणारे शंभर, दहा हजार किंवा कोटीही असू शकतात. पहिल्या टप्प्यात झगडा हवेतल्या बेभरवशाच्या सिग्नलशी, दुसऱ्यात संख्येशी. दोन्हींवर एकच प्रोटोकॉल लादायला गेले की यंत्रणा कुठेतरी नक्की अडते.

माझे मत आधीच सांगतो. जागेवरून सर्व्हरपर्यंत एसआरटी. सर्व्हरपासून प्रेक्षकांपर्यंत एचएलएस. वेबआरटीसी तिथेच, जिथे प्रेक्षकाने लगेच उत्तर द्यायचे आहे. आणि आरटीएमपी पर्यायी वाट म्हणून तयार ठेवावे. हे मत कशावर उभे आहे आणि कुठे लागू पडत नाही, ते खाली मांडतो. डोळ्यांसमोर एक ठरावीक काम ठेवतो: तालुक्याच्या गावी भरलेले कुस्तीचे मैदान, दोन-तीन कॅमेरे, एक मिक्सर, ब्रॉडबँडची तार नाही, आणि पाहणारे पुण्या-मुंबईपासून आखातापर्यंत पांगलेले गावकरी.

आधी अपलोड समजून घ्या

प्रोटोकॉलची तुलना बहुतेक जण टेबलावर बसून करतात, ऑफिसच्या फायबरवर. तिथे चारही प्रोटोकॉल छान चालतात. खरा निकाल मैदानावर लागतो, आणि तिथे सगळ्यात फसवा आकडा असतो तो स्पीड टेस्टचा.

फोनवर नेटवर्कच्या पूर्ण कांड्या दिसतात त्या टॉवरकडून येणाऱ्या सिग्नलच्या. टॉवर कित्येक वॅटने बोलतो. तुमच्या फोनची किंवा मोडेमची प्रसारणशक्ती साधारण २३ डीबीएम, म्हणजे २०० मिलीवॅट. टॉवरपासून लांब गेल्यावर डाउनलोड टिकून राहतो आणि अपलोड आधी कोसळतो, याचे कारण हे. त्यात आपल्याकडचे ५जी, जे १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाले, मुख्यतः ३.३ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात टीडीडी पद्धतीने चालते. म्हणजे एकच वारंवारिता आळीपाळीने पाठवायला आणि घ्यायला वापरली जाते, आणि वेळेचा मोठा हिस्सा डाउनलोडला दिलेला असतो. लोक व्हिडिओ पाहतात जास्त आणि पाठवतात कमी, त्यामुळे कंपन्यांच्या बाजूने ते बरोबरच आहे. पण तुम्ही पाठवणाऱ्यांपैकी आहात. ४जीतही हाच फरक दिसतो. २३०० मेगाहर्ट्‌झचा पट्टा टीडीडी आहे. १८०० आणि ९०० हे एफडीडी आहेत, त्यांत अपलोडला स्वतःची स्वतंत्र वारंवारिता असते. त्यामुळे मोडेमवर ५जीचे चिन्ह असूनही ४जीच्या १८०० पट्ट्यावर अपलोड जास्त स्थिर मिळतो, असे पुष्कळदा घडते. पट्टा निवडता येणारा मोडेम घेणे म्हणूनच पैशांचे सार्थक आहे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. मोबाइल नेटवर्कमध्ये हवेत बिघडलेले पॅकेट (डेटाचा छोटा गठ्ठा) सहसा हरवत नाही, ते उशिरा येते. रेडिओचा थर स्वतःच ते पुन्हा पाठवून दुरुस्त करतो. त्यामुळे पॅकेट लॉस शून्याच्या आसपास दिसतो, पण आरटीटी (पॅकेट जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ) ५० मिलिसेकंदांवरून अचानक ६०० वर उडी मारतो आणि पुन्हा खाली येतो. अपलोड आक्रसला की पॅकेट मोडेमच्या बफरमध्ये साचत जातात, आणि तो भरला की मग एकगठ्ठा गळतात. तेव्हा सरासरी वेग किती, हे विचारू नका. मैदान भरलेले असताना, प्रेक्षकांचे फोनही व्हिडिओ वर पाठवत असताना, दहा मिनिटांतला सर्वांत वाईट वेग किती आणि आरटीटी किती चढला, ते मोजा. वेग आयपर्फ ३ हे मोजणीचे साधन यूडीपीवर (पोच न मागता पॅकेट पाठवण्याची पद्धत) चालवून मोजता येतो, आरटीटी त्याच वेळी पिंग चालू ठेवून. आदल्या दिवशी सकाळी रिकाम्या मैदानात केलेल्या मोजणीचा काही उपयोग नाही.

वायफायचे थोडक्यात सांगतो. सभागृहाच्या वायफायवर थेट प्रक्षेपण ठेवू नका. वायफायमध्ये एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचे असते. २.४ गिगाहर्ट्‌झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. शे-दोनशे फोन खिशात घेऊन माणसे बसली की तिथे जागा उरत नाही. वायफाय ६ ने गर्दीतली वाटणी सुधारली हे खरे, पण त्याचा पूर्ण फायदा मिळायला समोरचे फोनही त्याच पिढीचे हवेत. कॅमेऱ्यापासून एन्कोडरपर्यंत (चित्र आकसून पाठवणारे यंत्र) तार, आणि एन्कोडरपासून मोडेमपर्यंतही तारच. फोनच्या इंटरनेटवर चालवायचे असेल तर हॉटस्पॉटऐवजी यूएसबी केबल जोडा. फोन सावलीत ठेवा. मे महिन्याच्या दुपारी तापलेला फोन स्वतःहून वेग उतरवतो.

पहिला टप्पा: जागेवरून सर्व्हरपर्यंत

आरटीएमपी मॅक्रोमीडियाने फ्लॅशसाठी केले, पुढे ते अडोबीकडे गेले. फ्लॅश २०२० अखेर संपले तरी आरटीएमपी पाठवण्याच्या बाजूला तगून राहिले. कारण साधे आहे. यूट्यूब, फेसबुक (तिथे मात्र त्याचे कूटबद्ध रूप आरटीएमपीएस) आणि जवळजवळ प्रत्येक एन्कोडरला ते कळते, पत्ता आणि स्ट्रीम की टाकली की सुरू. त्याचा कमकुवतपणा ते ज्या खालच्या प्रोटोकॉलवर चालते त्या टीसीपीत आहे. टीसीपी पॅकेट क्रमानेच देते; एक अडले की मागचे सगळे थांबतात. वर गर्दीचा संशय येताच वेग खाली आणते. जुन्या पठडीच्या टीसीपीसाठीचे प्रसिद्ध सूत्र लावून पाहा: १०० मिलिसेकंद आरटीटी आणि १ टक्का लॉस असेल, तर एका जोडणीतून जेमतेम १.४ एमबीपीएस निघतात, मागची वाट कितीही रुंद असो. कुस्तीच्या १०८०पी चित्राला एच.२६४ या कोडेकमध्ये (चित्र आकसण्याच्या पद्धतीत) ५ ते ६ एमबीपीएस लागतात. म्हणजे मोडेम वाईट नसतानाही एन्कोडरवर फ्रेम गळू लागतात, आणि दोष कॅमेरामनला लागतो.

एसआरटी हॅव्हिजन कंपनीने बनवले आणि २०१७ मध्ये खुले केले. ते यूडीपीवर चालते. त्याची युक्ती अशी, की दोन्ही टोकांनी एक ठरावीक विलंब आधीच कबूल करायचा. त्या मुदतीत हरवलेले पॅकेट पुन्हा मागवता आले तर मागवायचे. मुदत टळली तर ते सोडून पुढे जायचे. पाठवताना पॅकेटवर जी वेळ पडली त्याच अंतराने ती पलीकडे बाहेर पडतात, त्यामुळे वाटेतले हेलकावे डीकोडरला जाणवत नाहीत. हवेतल्या वाटेसाठी याहून समंजस रचना मला माहीत नाही.

मात्र त्याची सगळी ताकद त्या एका आकड्यात आहे, आणि मुळात ठरवून दिलेला आकडा १२० मिलिसेकंदांचा आहे. तो शहरातल्या दोन डेटा सेंटरांमध्ये ठीक. मोबाइलवर तो ठेवणे म्हणजे एसआरटी असून नसल्यासारखे. साधारण नियम आरटीटीच्या तीन-चार पट विलंब ठेवण्याचा आहे. मी तो सरासरी आरटीटीला न लावता गर्दीत मोजलेल्या वाईट आरटीटीला लावतो. ४०० मिलिसेकंदांपर्यंत उड्या दिसत असतील तर १६०० ठेवा, मनात शंका असेल तर २००० ठेवा. प्रेक्षकांपर्यंत जाताना पुढे दहा-वीस सेकंद जाणारच असतील तर इथे दीड सेकंद वाचवून काय मिळणार? दोन टोकांवर वेगळे आकडे असतील तर मोठा लागू होतो, हेही लक्षात असू द्या. पुन्हा पाठवलेल्या पॅकेटांसाठी मूळ बिटरेटवर (व्हिडिओचे दर सेकंदाचे बिट) सुमारे पाव हिस्सा जागा मोकळी हवी. गर्दीत १० एमबीपीएस तळ मिळत असेल तर व्हिडिओ पाचाचाच ठेवावा, असे मी म्हणतो ते त्याचसाठी.

एसआरटीची एक मर्यादा विक्रेते ठळकपणे सांगत नाहीत. ते एन्कोडरचा बिटरेट स्वतःहून कमी करत नाही. आकडेवारी देते, पण त्यावरून बिटरेट उतरवण्याचे काम एन्कोडरचे. तुमच्या एन्कोडरमध्ये ही सोय नसेल आणि अपलोड ३ एमबीपीएसवर आला, तर एसआरटी ५ एमबीपीएस ढकलत राहील, वर हरवलेली पॅकेट पुन्हा पाठवत राहील, आणि बफर आणखी तुंबेल. म्हणून खरेदीपूर्वी पहिला प्रश्न हा विचारा: एसआरटीवर नेटवर्कनुसार बिटरेट बदलतो का? उत्तर गोलमोल आले तर दुसरा एन्कोडर पाहा.

वेबआरटीसी नेमके हेच उत्तम करते. गूगलने ते २०११ मध्ये खुले केले, जानेवारी २०२१ मध्ये ते वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीचे अधिकृत मानक झाले. पॅकेटांमधला उशीर वाढू लागला की गळती सुरू होण्याआधीच ते बिटरेट उतरवते. व्हिडिओ कॉलमध्ये चेहरा क्षणभर पुसट होतो पण संभाषण तुटत नाही, ते यामुळे. कुस्तीला मात्र हा स्वभाव मानवत नाही. पैलवान डाव टाकतो त्या क्षणी चित्रात हालचाल सर्वांत जास्त, प्रेक्षकांचे फोन त्याच क्षणी रेकॉर्डिंगला वर, आणि नेमके तेव्हाच चित्र चिखल होणार. बोलण्यात उशीर नको म्हणून दर्जा सोडायचा, हा वेबआरटीसीचा निवाडा. आपल्याला दर्जा हवा, दोन सेकंद उशीर चालेल. शिवाय वेबआरटीसीत आवाज बहुतेक ओपस कोडेकमध्ये असतो, तो एचएलएससाठी एएसी या दुसऱ्या कोडेकमध्ये बदलावा लागतो. बी-फ्रेम (मागच्या-पुढच्या फ्रेमवरून रचलेल्या, बिट वाचवणाऱ्या फ्रेम) चालत नाहीत, त्यामुळे तेवढ्याच दर्जाला थोडे जास्त बिट लागतात.

तरी एक बदल नोंदवायला हवा. पूर्वी वेबआरटीसीने एन्कोडर जोडायचा तर प्रत्येक सेवेची जोडणी वेगळी लिहावी लागे. आता व्हिप हे त्यासाठीचे साधे मानक आहे; २०२५ मध्ये ते आरएफसी ९७२५ (इंटरनेटच्या मानकपत्रांच्या मालिकेतले) म्हणून प्रसिद्ध झाले, ओबीएस या प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरमध्ये तर आवृत्ती ३० पासून आहे. अर्ध्या सेकंदात चित्र पलीकडे पोहोचायलाच हवे असेल तर आता ही वाट अवघड राहिलेली नाही.

पत्त्यांचा प्रश्न इथेच उरकतो. मोबाइल कंपनीच्या नॅटमागे (अनेकांना एकच सार्वजनिक पत्ता देणारी व्यवस्था) असलेल्या मोडेमला बाहेरून कोणी हाक मारू शकत नाही. म्हणून एसआरटीत मैदानावरचा एन्कोडर कॉलर (जोडणी सुरू करणारा) आणि सार्वजनिक पत्ता असलेला सर्व्हर लिसनर (तिची वाट पाहणारा), उलटे नाही. क्लाउडच्या फायरवॉलमध्ये यूडीपीचा पोर्ट उघडा. टीसीपीचा उघडून तासभर डोके धरून बसणारे पुष्कळ. सांकेतिक शब्द टाकलात तर एसआरटी एईएसने कूटबद्ध होते; तो किमान १० अक्षरांचा लागतो. वेबआरटीसी नेहमीच कूटबद्ध. आरटीएमपी उघडे असते, त्यासाठी आरटीएमपीएस वापरा. काही महाविद्यालये आणि सरकारी इमारतींच्या नेटवर्कमध्ये यूडीपी बंदच असते. तिथे ४४३ पोर्टवरचे आरटीएमपीएस हीच उरलेली वाट. ते तयार ठेवा म्हणतो ते अशा जागांसाठी.

एका सिमवर मैदान सोपवू नका. दोन वेगळ्या कंपन्यांची सिम आणि त्यांना एकत्र बांधणारा बाँडिंग मोडेम किंवा सॉफ्टवेअर असेल, तर एक वाट आक्रसली तरी दुसरी सांभाळते. बिटरेट बदलणारा एन्कोडर आणि बाँडिंग यांपैकी एकालाच पैसे असतील, तर माझा कौल बाँडिंगला. एकाच टॉवरवरच्या गर्दीवर एन्कोडरकडे इलाज नसतो. दुसऱ्या कंपनीच्या टॉवरकडे असू शकतो.

दुसरा टप्पा: सर्व्हरपासून प्रेक्षकांपर्यंत

इथे निवड जवळजवळ झालेलीच असते. एचएलएस ॲपलने २००९ मध्ये आणले. ते व्हिडिओचे लहान तुकडे करून साध्या एचटीटीपीवर फाइलींसारखे वाढते. फाइल म्हटली की ती सीडीएनमध्ये (ठिकठिकाणी पसरलेल्या साठवण-सर्व्हरांच्या जाळ्यात) साठते, आणि एकच तुकडा लाखो लोकांना जवळच्या सर्व्हरवरून मिळतो. १९ नोव्हेंबर २०२३ च्या क्रिकेट विश्वचषक अंतिम सामन्याला हॉटस्टारवर एकाच वेळी ५.९ कोटी प्रेक्षक होते. तुकड्या-तुकड्यांच्या या पद्धतीशिवाय असली संख्या पेलता येत नाही. डॅश, तुकड्यांचीच दुसरी पद्धत, तांत्रिकदृष्ट्या तितकेच चांगले आहे, पण आयफोनवर ते थेट चालत नाही. एकच निवडायचे तर एचएलएस. सीमॅफ पद्धतीचे तुकडे केलेत तर दोन्हींना तेच पुरतात.

किंमत विलंबात मोजावी लागते. ॲपलची शिफारस ६ सेकंदांच्या तुकड्याची. प्लेअर साधारण तीन तुकडे जवळ असल्याशिवाय सुरू होत नाही. म्हणजे १८ सेकंद इथेच गेले, एन्कोडिंग धरून २० ते ३०. तुकडा २ सेकंदांचा केला तर हे ८-१० वर येते, आणि बहुतेक कार्यक्रमांना तेवढे पुरते. त्यासाठी एन्कोडरवर कीफ्रेमचे (स्वतंत्रपणे उलगडता येणाऱ्या पूर्ण फ्रेमचे) अंतर नेमके २ सेकंद ठेवावे लागते, कारण तुकडा कीफ्रेमवरच सुरू होतो. ‘आपोआप’ ठेवलेत तर तुकडे वेडेवाकडे पडतात आणि मग दोष प्लेअरवर येतो. २०१९ मध्ये आलेले कमी विलंबाचे एचएलएस तुकड्यांचेही उपतुकडे करून २ ते ५ सेकंदांपर्यंत उतरते. पण सीडीएन, पॅकेजर (तुकडे पाडणारे सॉफ्टवेअर) आणि प्लेअर तिघांनाही ते नीट यायला हवे. शिवाय बफर लहान झाल्याने प्रेक्षकाचे नेटवर्क डगमगले की चक्र फिरू लागते. एसटीत बसून पाहणाऱ्या गावकऱ्याला पाच सेकंद आधी निकाल कळण्यापेक्षा न अडखळता कुस्ती दिसणे मोलाचे.

वेबआरटीसीने प्रेक्षकांपर्यंत जाता येते का? येते, अर्ध्या सेकंदात. पण तिथे प्रत्येक प्रेक्षकासाठी सर्व्हरवर एक जिवंत जोडणी लागते. २.५ एमबीपीएसने एक तास म्हणजे माणशी सुमारे १.१ जीबी, हजार प्रेक्षकांना १.१ टीबी. बाइट एचएलएसलाही तेवढेच लागतात, फरक असा की तिथे ते सीडीएनच्या साठ्यातून जातात आणि इथे त्याच क्षणी जागा असलेल्या तुमच्या सर्व्हरांतून. हजार म्हणून तयारी केली आणि अंतिम कुस्तीला आठ हजार आले, तर एचएलएस शांत राहते, वेबआरटीसीला सर्व्हर वाढवायला वेळच मिळत नाही.

कोडेक

प्रेक्षकांना एच.२६४ द्या. २००३ चे मानक आहे, पण कोणत्याही फोनची चिप ते उलगडते. एचईव्हीसी आणि एव्ही१ हे नवे कोडेक कमी बिटमध्ये तोच दर्जा देतात. जुन्या स्वस्त फोनवर मात्र एव्ही१ सॉफ्टवेअरने उलगडावे लागते आणि बॅटरी भराभर उतरते. एचईव्हीसीचा खरा उपयोग पहिल्या टप्प्यावर आहे. एन्कोडरमध्ये सोय असेल तर एसआरटीवरून एचईव्हीसी पाठवा. ६ एमबीपीएसचे काम साडेतीन-चारात होते, आणि अपलोडवर ही बचत फार मोठी. सर्व्हरवर उतरवून घेऊन पुढे एच.२६४ करा. मूळ आरटीएमपीत एचईव्हीसीची सोय नाही. सुधारित आवृत्तीत आहे, पण दोन्ही टोकांना ती कळते का ते तपासून घ्यावे. फ्रेम २५ किंवा ५० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्‌झची आहे, ३० ठेवलीत तर काही दिव्यांखाली चित्र लुकलुकते. कुस्तीला ५० असतील तर पकड स्पष्ट दिसते.

कोणाला काय

कुस्ती, कबड्डी, पालखी, नाटक: एसआरटी आणि २ सेकंदांच्या तुकड्यांचे एचएलएस. स्वतःचा सर्व्हर नको, यूट्यूबवरच दाखवायचे असेल, तर मैदानापासून भाड्याच्या छोट्या क्लाउड सर्व्हरपर्यंत एसआरटी आणि तिथून यूट्यूबला आरटीएमपीएस. दुसरी उडी डेटा सेंटरच्या चांगल्या वाटेवर होते, तिथे टीसीपीचा दोष जाणवत नाही. कीर्तन आणि गायनासाठी एक भर: आवाजाचा बिटरेट १२८ केबीपीएसच्या खाली आणू नका, कितीही ओढाताण झाली तरी कात्री चित्रालाच लावा. चित्र थबकले तर ऐकणारा डोळे मिटून ऐकत राहतो, टाळ-मृदंगाचा ठेका तुटला की तो उठून जातो.

कांद्याचा लिलाव दूर बसलेल्या व्यापाऱ्यांना दाखवून त्यांच्याकडून बोली घ्यायची असेल, तर एचएलएसचा विचारही करू नका. वीस सेकंद जुना भाव पाहून लावलेली बोली भांडणाला आमंत्रण आहे. तिथे दोन्ही टप्पे वेबआरटीसीचे, प्रेक्षक मोजके, दर्जा ७२०पी. वर्गात शिक्षक प्रश्न विचारत असतील तर हीच रचना. शिक्षक फक्त बोलणार आणि मुले प्रश्न लिहून पाठवणार असतील, तर कमी विलंबाचे एचएलएस पुरते आणि निम्म्या कटकटी वाचतात.

दोन स्टुडिओंमध्ये, दोन्हीकडे फायबर असताना, एसआरटी आणि रिस्ट यांत मी वेळ घालवणार नाही. दोघांची कल्पना एकच. समोरच्याच्या यंत्रात जे आहे ते घ्या.

आणि मीडिया ओव्हर क्विक? इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफमध्ये त्यावर २०२२ पासून काम चालू आहे, पाया क्विक या नव्या वाहतूक-प्रोटोकॉलचा म्हणजे आरएफसी ९००० चा आहे. पाठवणे आणि वाटणे दोन्ही एकाच पद्धतीने, एचएलएसच्या संख्येला आणि वेबआरटीसीच्या वेगाला, हे त्याचे ध्येय मला मनापासून पटते. प्रयोगशाळेत ते आजच बसवा, शिका. येत्या जत्रेचे मैदान मात्र एसआरटीवरच न्या, आणि मिक्सरच्या शेजारी पूर्ण दर्जाचे रेकॉर्डिंग चालू ठेवा; नेटवर्क पडले तर रात्री तेच चढवता येईल.